गिफ्ट कार्डातले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून: घेण्यापासून तक्रारीपर्यंत, क्रमाने

पाच हजारांचे कार्ड मिळाले, प्रत्यक्षात चालले चार हजार सातशेचे, आणि उरलेले तीनशे कुठे गेले ते ना दुकानदार सांगतो ना बँक. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीला, लग्नात आहेर म्हणून, दिवाळीला एमआयडीसीतल्या कारखान्याकडून कामगारांना अशी कार्डे देण्याची पद्धत जळगाव-धुळ्याकडे आता रुळली आहे. त्यामागोमाग "पैसा कथा गयात भो?" हा प्रश्नही आला. बहुतेक वेळा चोरी झालेली नसते. शुल्क विचारण्याआधी पैसे भरलेले असतात, मोबाइल नंबर न पाहताच कार्ड पाकिटात घातलेले असते, शिल्लक न बघता बिल केलेले असते, आणि शेवटी तक्रार भलत्याच दारात नेलेली असते. म्हणजे चूक क्रमाची असते. कार्ड आधीच हातात असेल तर पहिला टप्पा वाचून थेट चौथ्यावर जा.

टप्पा १: कार्ड उलटे करा आणि पैसा कोणाकडे आहे ते वाचा

समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात दुकानाचे, ब्रँडचे किंवा ॲपचे नाव असते. पैसा त्यांच्याकडेच असेल असे नाही. मागे, अगदी बारीक अक्षरात, कार्ड कोणी जारी केले ते लिहिलेले असते. पुढची प्रत्येक गोष्ट, म्हणजे शुल्क, मुदत, परतावा, तक्रार, त्या बारीक नावावर ठरते.

पहिला प्रकार बँकेने किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीने काढलेल्या कार्डाचा. त्यावर रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डची खूण असते आणि स्वाइप मशीन असलेल्या बहुतेक दुकानांत ते चालते. रिझर्व्ह बँकेचे २७ ऑगस्ट २०२१ चे निर्देश याला लागू होतात. एका कार्डात जास्तीत जास्त १०,००० रुपये, पुन्हा पैसे भरता येत नाहीत, एटीएममधून रोख निघत नाही, दुसऱ्याच्या खात्यात पाठवता येत नाहीत, आणि मुदत किमान एक वर्षाची. कोणी "पंचवीस हजारांचे बँक गिफ्ट कार्ड" देऊ करत असेल तर ती एकतर तीन कार्डे आहेत किंवा ते वेगळेच काहीतरी आहे. नेमके काय ते विचारा.

दुसरा प्रकार दुकानाच्या स्वतःच्या कार्डाचा किंवा कुपनाचा: कापड दुकान, सराफी पेढी, शूजचा ब्रँड, एखादी खरेदीची साइट. ते फक्त त्यांच्याकडेच चालते. अशा कार्डाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, म्हणून वर सांगितलेले एक वर्षाचे बंधनही त्याला नाही. तिथे कुपनावर छापलेल्या अटी आणि ग्राहक संरक्षण कायदा, एवढेच तुमच्या हातात.

ई-मेल किंवा एसएमएसवर येणारा कोड यांपैकी कोणताही असू शकतो, आणि त्यात अनेकदा तीन पक्ष असतात: विकणारे ॲप, जारी करणारी कंपनी, आणि माल देणारे दुकान. गडबड झाली की तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. कोड आल्याबरोबर जारी करणाऱ्याचे नाव शोधून ठेवा.

*तपासणी:* वहीत चार गोष्टी लिहा: जारी करणाऱ्याचे नाव, कार्डावर छापलेला ग्राहक सेवा क्रमांक, मुदतीचा महिना-वर्ष, कार्डाचे शेवटचे चार आकडे. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तीनअंकी सीव्हीव्ही आणि पूर्ण नंबर त्यात येतो.

टप्पा २: पैसे भरण्याआधी शुल्कांचा तक्ता मागा

"छुपे शुल्क" म्हणतो खरे, पण बँकेच्या कार्डात ते बहुधा लपवलेले नसते, फक्त कोणी वाचलेले नसते. सर्व शुल्के आणि मुदतीच्या अटी सोप्या भाषेत सांगणे जारी करणाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणून काउंटरवर "काही चार्ज आहे का?" असे मोघम विचारू नका. उत्तर "नाही साहेब, थोडासाच" असे येते. एकेक नाव घेऊन विचारा:

कार्ड काढण्याचे शुल्क किती आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून किती? घरपोच मागवले तर कुरिअरचे वेगळे का? कार्ड हरवले तर नवीन देण्याचे किती? पिन विसरला तर? एटीएमवर शिल्लक पाहिली तर पैसे कापतात का? मुदत वाढवायला किती? बराच काळ वापर झाला नाही तर दरमहा काही वजा होते का?

शेवटच्या दोन प्रश्नांवर अडून बसा. काढण्याचे शुल्क देणारा भरतो आणि ते पावतीत दिसते. बाकीची घेणाऱ्याच्या शिलकीतून, त्याला न विचारता, नंतर जातात.

आता हिशोब. समजा कार्ड काढायला १०० रुपये लागतात. जीएसटीसह ११८. दहा हजारांच्या कार्डावर हा भार सव्वा टक्क्याच्याही खाली आहे, चालून जाईल. पण हजाराच्या कार्डावर तो जवळजवळ बारा टक्के होतो. हजार-दीड हजाराचा आहेर करायचा असेल तर बँकेचे कार्ड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाकिटात रोख घाला, वर एक रुपया ठेवा. तेच बरे.

आणखी एक प्रश्न काउंटरवर नाही, स्वतःला विचारायचा: ज्याला देतोय तो हे वापरणार कुठे? जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर स्वाइप मशीन सापडते. धडगाव-अक्कलकुव्याकडे, किंवा यावल-रावेरच्या एखाद्या गावात, किराणा दुकानावर क्यूआर कोडचा स्टिकर असतो, मशीन नसते. गिफ्ट कार्डाने तो क्यूआर साधारणपणे स्कॅन होत नाही. गावातल्या मावशीला कार्ड देणे म्हणजे तिला तालुक्याच्या बसभाड्याचा खर्च देणे.

*सावधान:* सराफाचे किंवा कापडाचे कुपन घेत असाल तर तीन अटी आधी वाचा. सेलच्या मालावर चालते का, एकदाच वापरायचे की तुकड्यांत, आणि दागिन्यांत नेमके कशावर: पूर्ण बिलावर, फक्त मजुरीवर, की फक्त हिऱ्याच्या मालावर. "नाणे आणि वेढणीवर चालणार नाही" हे वाक्य पुष्कळदा मागच्या बाजूला सापडते.

टप्पा ३: कार्ड हातात घेताना मोबाइल नंबर कोणाचा लागतोय ते बघा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि काउंटरवर कोणी तो सांगत नाही. केवायसी विकत घेणाऱ्याची होते, म्हणून अर्जात मोबाइल नंबरही त्याचाच लिहिला जातो. मग शिरपूरचे काका कार्ड घेतात, पुण्यात शिकणारी पुतणी ऑनलाइन खरेदी करते, आणि ओटीपी येतो काकांच्या फोनवर. काका त्या वेळी शेतात. तीनदा प्रयत्न फसला की कार्ड तात्पुरते बंद पडते.

म्हणून अर्ज भरतानाच विचारा: कार्ड वापरणाऱ्याचा नंबर वेगळा नोंदवता येतो का? येत असेल तर तिथेच नोंदवा. नंतर बदलायला बहुधा देणाऱ्यालाच पुन्हा शाखेत जावे लागते, आणि लग्नघरातल्या पाहुण्याला "जरा बँकेत जाऊन या" म्हणून फोन करणे कोणाला जमत नाही.

मॉलमध्ये किंवा दुकानात टांगलेले कार्ड घेत असाल तर पाकीट उघडलेले, पुन्हा चिकटवलेले, किंवा खरवडायची पट्टी ओरखडलेली नाही ना ते उजेडात पाहा. शंका आली तर मागच्या हुकावरचे दुसरे घ्या. कार्ड चालू केल्याची पावती मागा. काही कार्डे पैसे भरल्यावर लगेच चालू होत नाहीत, त्याला एक-दोन दिवस लागतात. ते आधी कळले तर आहेर घेणाऱ्याची दुकानात फजिती होत नाही.

*तपासणी:* पावतीवर कार्डाची रक्कम, शुल्क आणि जीएसटी वेगवेगळे दिसले पाहिजेत. "एकूण ५,११८" एवढेच असेल तर फोड लिहून घ्या.

टप्पा ४: देताना पावतीही द्या, घेताना पावतीही मागा

आहेराच्या पाकिटातून किंमत दिसू नये म्हणून पावती काढून टाकायची आपली रीत आहे. कार्डाच्या बाबतीत ती मोडा. कार्ड चालले नाही, हरवले, शिल्लक चुकीची दाखवली, तर जारी करणारा पहिला प्रश्न विचारतो: कधी, कुठून, कोणी घेतले? पावती द्यायला संकोच वाटत असेल तर फोटो काढून नंतर व्हॉट्सॲपवर पाठवा, पण पाठवा.

कारखान्याकडून किंवा संस्थेकडून दिवाळीला कार्ड मिळाले असेल तर खरेदीदार ती कंपनी आहे, तुम्ही नाही. कार्ड कोणामार्फत घेतले, तुमचा मोबाइल नंबर नोंदवला का, हे त्याच आठवड्यात एचआरला विचारा. पुढच्या दिवाळीपर्यंत तो माणूस नोकरी बदलून नाशिकला गेलेला असतो.

टप्पा ५: पहिल्या खरेदीआधी शिल्लक, आणि ती कुठे पाहायची

इंटरनेटवर "गिफ्ट कार्ड बॅलन्स" असे शोधू नका. वर येणाऱ्या निकालांत बनावट पाने असतात. ती कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही मागतात, "तपासत आहोत" असे फिरते चक्र दाखवतात, आणि तेवढ्या वेळात पलीकडून खरेदी होते. ग्राहक सेवेचा नंबरही शोधून घेऊ नका. कार्डावर छापलेला पत्ता स्वतः टाइप करा, छापलेलाच नंबर लावा.

हे एवढे ठासून सांगण्याचे कारण आहे. डेबिट कार्डाच्या ऑनलाइन खरेदीला ओटीपीसारखा दुसरा पहारा असतो. गिफ्ट कार्डावर तो ठेवण्याची सक्ती नियमात नाही, काही जारी करणारे ठेवतात, काही नाही. तिथे नंबर आणि सीव्हीव्ही ज्याच्या हातात, पैसे त्याचे.

शिल्लक पाहिली की लगेच स्क्रीनशॉट काढा. पुढे वाद झालाच तर अमुक तारखेला एवढी शिल्लक होती, याचा पुरावा लागतो.

*सावधान:* "साहेब मीटिंगमध्ये आहेत, तातडीने पाच गिफ्ट कार्डे घेऊन कोड पाठवा" असा संदेश ओळखीच्या फोटोसह आला तरी पाठवू नका. आधी त्या माणसाला फोन करा. वीज बिल, दंड, कर, पार्सल सोडवणे यासाठी कुठलेही सरकारी कार्यालय गिफ्ट कार्डाचा कोड मागत नाही. कोड गेलाच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि त्याच वेळी जारी करणाऱ्याला कार्ड बंद करायला सांगा. माहिती जारी करणाऱ्याच्या चुकीने फुटली असेल तर तुम्ही कळवले असो वा नसो, नुकसान त्यांचे. कोड तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंत गेलेले तुमचे, कळवल्यानंतर गेलेले त्यांचे.

टप्पा ६: शेवटचे शे-दोनशे रुपये

कार्डात पैसे अडकतात ते इथे. हिशोब सोपा आहे: बिल शिलकीपेक्षा एक रुपयाने जरी जास्त झाले तरी मशीन पूर्ण व्यवहार नाकारते. उरलेले तुमच्याकडून मागून घेत नाही. गिऱ्हाइकाला वाटते कार्ड खराब आहे, ते ड्रॉवरमध्ये जाते आणि तिथेच मुदत संपते.

दुकानात असे करा. बिल १,२५०, कार्डात १,१०० असतील तर मशीनला कार्ड लावण्याआधी सांगा: "या कार्डावरून अकराशे घ्या, दीडशे रोख देतो." आकडा तुम्ही सांगायचा, कार्ड आधी द्यायचे नाही. गर्दीच्या वेळी, विशेषतः लग्नसराईत फुले मार्केटमध्ये, गल्ल्यावरचा मुलगा दोन तुकड्यांत बिल करायला कुरकुरतो. तेव्हा माल ठरवण्याआधीच विचारून घ्या. "कार्डाला दोन टक्के जास्त" असे कोणी म्हणाले तर ती दुकानाची मागणी आहे, कार्डाचे शुल्क नाही. घासाघीस तिथेच करा.

ऑनलाइन एकाच ऑर्डरला दोन कार्डे बहुतेक साइट घेत नाहीत. पर्याय असा: कार्डात जेवढी शिल्लक आहे नेमक्या तेवढ्याच रकमेचे त्या साइटचे स्वतःचे व्हाउचर घ्यायचे आणि ते खात्यात जमा करून पुढच्या खरेदीला वापरायचे. काही ठिकाणी गिफ्ट कार्डावर व्हाउचर मिळत नाही, तिथे मोबाइल किंवा डीटीएचचा रिचार्ज करून शिल्लक संपवा. रिचार्जवर सुविधा शुल्क लावतात का ते शेवटच्या पानावर बघा, नाहीतर ९९ चा रिचार्ज १०१ ला पडतो आणि कार्ड पुन्हा नाकारते.

पेट्रोल पंपावर हे कार्ड वापरू नये. काही कार्डांवर इंधनाचा अधिभार लागतो आणि तो पावतीवर नाही, नंतर शिलकीत दिसतो. हप्त्याने चालणारी सदस्यत्वेही या कार्डावर लावू नका.

*तपासणी:* शिल्लक शून्य झाली तरी कार्ड फेकू नका. घेतलेला शर्ट परत केला तर पैसे त्याच कार्डावर परत येतात, रोख मिळत नाहीत. माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत कार्ड जपून ठेवा, मग कापून टाका.

पैसे कापले गेले पण दुकानाला पोचले नाहीत, असेही होते. कार्डाच्या अशा व्यवहारात पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देणे रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात घातले आहे. दुकानदाराने "फेल झाले" म्हणून काढलेली पावती सांभाळा, आणि दुसऱ्यांदा स्वाइप करण्याआधी शिल्लक तपासा.

टप्पा ७: मुदत संपत आली, किंवा संपलीच

संपण्याच्या आधीच्या ४५ दिवसांत जारी करणाऱ्याने एसएमएस किंवा ई-मेलने सूचना द्यायची असते. ती नोंदवलेल्या नंबरवर जाते. म्हणजे पुन्हा शिरपूरच्या काकांना. त्यामुळे मुदत फोनच्या कॅलेंडरमध्ये स्वतः लावा, दोन महिने आधीची.

मुदत संपली म्हणजे पैसे बुडाले, हे बँकेच्या प्रकारातल्या कार्डाबाबत खरे नाही. धारकाने मागितल्यावर मुदत वाढवून द्यायची किंवा नवे कार्ड द्यायचे, असा नियम आहे. बँकेतर कंपनी मुदतीनंतर किमान तीन वर्षे ती रक्कम स्वतःच्या नफ्यात ओढू शकत नाही, आणि मुदत संपल्यानंतर कधीही परतावा मागितला तरी तो बँक खात्यात द्यावा लागतो. फोनवरचा मुलगा "सिस्टीममध्ये एक्सपायर दाखवतंय" म्हणाला की लोक फोन ठेवतात. ठेवू नका. "मुदतवाढ करून द्या" असे म्हणा आणि तक्रार क्रमांक मागा.

कंपनीकडून मिळालेल्या कार्डावर मात्र जपून. तुमची संमती घेऊन पैसे मूळ खात्यात परत करण्याची सोय नियमात आहे, आणि तुमच्या कार्डाचे मूळ खाते कारखान्याचे आहे. "रिफंड हवा का?" या प्रश्नाला घाईने "हो" म्हणालात तर दिवाळीची भेट मालकाकडे परत जाईल. तिथे परतावा नाही, मुदतवाढच मागा.

दुकानाच्या स्वतःच्या कुपनाला हे संरक्षण नाही. तरी मुदतीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत व्यवस्थापकाला भेटलात तर गावातली पेढी सहसा नाही म्हणत नाही. वर्षभराने गेलात तर म्हणेल.

टप्पा ८: तक्रार, दारांच्या क्रमाने

पहिले दार जारी करणाऱ्याचे, विकणाऱ्या दुकानाचे नाही. मजकूर लांबवू नका. एवढे पुरते:

"माझ्याकडील गिफ्ट कार्ड, शेवटचे चार आकडे अमुक, दिनांक अमुक रोजी अमुक ठिकाणाहून ५,००० रुपयांना घेतले आहे. दिनांक अमुक रोजी शिल्लक १,१०० होती, आज ७४६ दाखवते. या काळात मी व्यवहार केलेला नाही. वजा झालेले ३५४ रुपये कोणत्या शुल्काचे आहेत आणि ते मला कोणत्या कागदात कळवले होते, हे लेखी सांगावे, अन्यथा रक्कम परत करावी. पावती व शिलकीचे दोन्ही स्क्रीनशॉट सोबत."

पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही, पिन यातले काहीही लिहू नका.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा पटले नाही, तर बँकेच्या प्रकारातल्या कार्डासाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर करता येते, फी नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर. पहिले दार टाळून थेट इथे गेलात तर तक्रार परत येते.

दुकानाच्या कुपनासाठी दार वेगळे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निभावले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, जो जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे. कंपनी मुंबईची असो की बंगळुरूची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे. तीनशे रुपयांसाठी आयोगात जाणे कोणाला परवडत नाही, हे खरे. पण एकाच कारखान्यातल्या चाळीस कामगारांच्या कार्डांतून तेच शुल्क गेले असेल तर सगळ्यांनी आपापली लेखी तक्रार एकाच आठवड्यात टाकावी. तेवढ्याने पहिल्याच दारात काम होण्याचा संभव वाढतो.

आणि लोकपालाचे तीस दिवस लेखी तक्रार पोचल्यापासून मोजले जातात, फोनवर भांडल्याच्या दिवसापासून नाही. फोन केला असलात तरी त्याच संध्याकाळी तोच मजकूर मेलने पाठवा आणि पाठवल्याची प्रत जपून ठेवा.